कुंडलचे एक्केचाळीस फॉर्म

८ जून २०२४, शनिवार

सांगलीहून आत्ताच आले. चपला काढल्या, पंखा लावला आणि आधी वही उघडली, नाहीतर डोक्यात भुणभुण चालूच राहील.

आज सहामाही प्रगती अहवाल होता. पंधरावा. समितीत तिघे. मधले नवे सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान. पंधरा मिनिटं आपण बोलायचं आणि दहा मिनिटं ऐकून घ्यायचं, असा शिरस्ता. यांनी मला बोलूच दिलं नाही. पहिल्या पानावर बोट ठेवलं. "मॅडम, नोंदणी दोन हजार सतराची?" म्हटलं, हो. "सहा वर्षं नियमाची, महिलांना दोन वर्षं वाढीव. म्हणजे एकतीस जानेवारीला संपली." म्हटलं, "येत्या जानेवारीत संपेल सर. अजून संपली नाही." माझ्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडमनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मॅडमचं वय एक्केचाळीस, माझं अठ्ठेचाळीस. पाय दाबून गप्प करायचा अधिकार मात्र त्यांचा.

लोकांना वाटतं पीएच.डी. म्हणजे पुस्तकं वाचत बसायचं. वाचायला मिळालं असतं तर मी आनंदानं मेले असते. आधी प्रवेश परीक्षा. मग कोर्सवर्क, म्हणजे सहा महिने दर शनिवार-रविवार कराडजवळच्या मलकापूरहून सांगलीला एसटी आणि लेकीच्या वयाच्या पोरींबरोबर बाकावर. मग विषयाला मंजुरी, नीतिमत्ता समितीची मंजुरी, दर सहा महिन्यांनी हे असं कठड्यात उभं राहणं, दोन शोधनिबंध, पूर्वसादरीकरण, आणि एवढ्यातून जीव उरला तर प्रबंध. आणि हे सगळं उंब्रजच्या कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवून, पेपर तपासून, निवडणुकीची ड्यूटी करून.

माझा विषय माध्यम मानसशास्त्रातला. निवृत्त सैनिक मोबाइलवर काय बघतात, किती बघतात आणि त्याचा त्यांच्या एकाकीपणाशी काय संबंध आहे. सातारा आणि सांगली, दोन जिल्हे. दोनशे माणसांकडून प्रश्नावली भरून हवी. हातात आहेत एकशे एकतीस.

घरी आले तर हे हॉलमध्ये मोबाइल बघत बसलेले. "काय म्हनली समिती?" विचारलं. म्हटलं, उरावर बसली. "बरं," म्हणाले. लक्ष नव्हतं त्यांचं.

१६ जून, रविवार

आज भांडण झालं आणि त्यातून एक चांगलं काम झालं. आमच्या घरात हे असंच होतं.

प्रश्नावली मूळ परदेशी, भाषांतर माझं. त्यातला चौथा प्रश्न: "आपणांस एकाकी वाटते का?" पर्याय चार: कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी. एकशे एकतीसपैकी शंभरावर लोकांनी लिहिलंय, कधीच नाही. मी खूश होते, काय कणखर माणसं! आज कोपऱ्यावरच्या रिटायर सुभेदारांना समोर बसवून भरून घेत होते, तर ते म्हणतात, "एकाएकी? एकाएकी काय वाटायचंय ताई? आपल्याला बीपी न्हाई, शुगर न्हाई." मी कपाळावर हात मारून घेतला. एवढी माणसं "एकाकी"ला "एकाएकी" वाचून गेली!

घरी येऊन यांच्यावरच चिडले, जशी काही यांचीच चूक. म्हटलं, तुमच्या फौजेत मराठी वाचायला शिकवत नाहीत का? हे शांतपणे म्हणाले, "एकाकी कोन बोलतं गं? 'करमतं का?' असं इचार. 'घरात करमतं का तुमाला?' बघ कशी भडाभडा बोलत्यात मान्सं."

अगदी बरोबर होतं ते. आठ वर्षांत मला सुचलं नाही. लगेच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तीन तज्ज्ञांकडून शब्द तपासून घेऊ, समितीला कळवू, आणि जुन्या लोकांकडून तो एक प्रश्न फोनवर पुन्हा भरून घ्या.

मग हे म्हणाले, "एक फारम मला दे. मीबी भरतो." म्हटलं, तुम्हाला नाही चालत. संशोधकाच्या घरातलं माणूस घ्यायचं नाही, नियम आहे, नीतिमत्ता समितीला लिहून दिलंय. "मीबी रिटायरच हाय की." म्हटलं, असाल, पण माझे आहात ना! चांगला विनोद झाला असं मला वाटलं. हे उठून गच्चीवर गेले.

४ जुलै, गुरुवार

जुन्या लोकांना फोन चालू आहेत. "करमतं का?" विचारल्यावर उत्तरं खरोखर बदलली. एक नाईक साहेब पंचवीस मिनिटं बोलतच राहिले. नवे फॉर्म मात्र जेमतेम सतरा. आता १४८.

यांनी दाढी वाढवलीय. फौजेतली चोवीस वर्षं रोज पहाटे गुळगुळीत करणारा माणूस. म्हटलं, काय, हिमालयात जायचा विचार आहे का? "तिथूनच आलोय," म्हणाले. बाकी एक सुधारणा झाली, मोबाइलला हेडफोन लावतात. मला वाचताना आवाजाचा त्रास नाही. शहाणा नवरा मिळायला सत्तावीस वर्षं वाट बघावी लागली!

दिवसभर काय बघतात कोण जाणे. डोकावले तर बर्फातल्या कुठल्या तरी चौकीचा व्हिडिओ आणि त्याखाली लोकांनी लिहिलेलं. हे पण लिहीत होते. मी गेल्यावर स्क्रीन उलटी केली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

महिनाभर वही उघडली नाही. कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणजे जेमतेम वीस फॉर्म आले. १६८ वर गाडी अडली. माजी सैनिकांच्या मेळाव्यात जाऊन उभी राहिले तर सगळे जेवणाच्या रांगेत. कुणी म्हणतं पेन्शनचं काम आहे का? नाही म्हटलं की फॉर्म परत.

आज जेवताना रडायलाच आलं. म्हटलं, बस झालं, सोडते. समितीला लिहून देते की माझ्याच्यानं होत नाही. हे बराच वेळ भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "किती कमी पडत्यात?" बत्तीस. "मी जातो कुंडलला. आमच्या गावात तीस-चाळीस जन रिटायर हायती. भाऊसो हाय, नाथाजी हाय. माजा शब्द मोडत न्हाईत. दे हिकडं फारम."

मला एवढं बरं वाटलं! मी पन्नास फॉर्म मोजून दिले, पन्नास संमतीच्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठीवर नाव, सही आणि नंबर. फॉर्मवर फक्त नंबर, नाव नाही. सगळं समजावलं. त्यांनी एकेक प्रश्न बोटानं वाचला. "हा चौदावा कुनी काढला गं?" चौदावा म्हणजे, 'घरात माणसं असूनही आपल्याशी कुणी बोलत नाही असं वाटतं का?' म्हटलं, मूळ परदेशी प्रश्नावलीतलाच आहे, का? "न्हाई. बराबर हाय."

जाताना माझ्या पेनदाणीतले चार-पाच पेन घेतले. म्हटलं, कुंडलात पेन मिळत नाहीत का? "मान्सं लय हायती. शाई येगळी येगळी असावी," म्हणाले. फौजी शिस्त!

३० ऑगस्ट, शुक्रवार

एक्केचाळीस! एक्केचाळीस फॉर्म! बत्तीस हवे होते, एक्केचाळीस आले.

दोन आठवडे हे एक दिवसाआड डबा घेऊन बाहेर पडत होते, संध्याकाळी येत होते. डबा बहुतेक तसाच यायचा. भाऊसोंकडे जेवण झालं असेल, कुंडलची माणसं उपाशी सोडतात होय! एकाही फॉर्मला घडी नाही, डाग नाही, एक प्रश्न कोरा नाही. माझ्या इतर फॉर्मांवर चहाची वर्तुळं, भाजीचं तेल, आणि मोकळ्या जागेत "निल" किंवा "सर्व ठीक". यांनी मात्र माणसांना बोलतं केलंय. बाविसावा प्रश्न: 'दिवसातली कोणती वेळ जड जाते?' त्याला उत्तरं बघा. "सकाळी सव्वानऊनंतर." "०९१० ते दुपारचं जेवन." "घरातली मान्सं कामाला गेली की." "दाराची कडी वाजली की."

मॅडमना फोटो पाठवले. त्यांचा फोन: "ताई, ही माणसं किती खरं लिहितायत हो!" मी यांना सांगितलं, तुमच्यामुळं वाचले. म्हटलं, काय आणू तुम्हाला? "काय नगं. बस जरा हितं." पण मला लगेच आकडे भरायला बसायचं होतं. सोमवारी संख्याशास्त्राच्या सरांना फाइल पाठवायची आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

सांगली. मॅडमच्या माधवनगरच्या घरी. संख्याशास्त्राच्या सरांचा निकाल आला: मोबाइलवर जेवढे तास जास्त, तेवढं करमणं कमी, आणि संबंध पक्का. आकड्यापुढं दोन चांदण्या. दोन चांदण्या म्हणजे योगायोग असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. मी खुर्चीतून उठून मॅडमना मिठी मारली.

मॅडमनी विचारलं, "एक कळत नाही. बहुतेक अभ्यासांत संध्याकाळ जड जाते. तुमच्या लोकांना सकाळ का?" मी पूर्ण एसटीभर विचार केला होताच. म्हटलं, फौजेत सकाळीच सगळं असतं. पीटी, परेड, हजेरी, हुकूम. रिटायर झाल्यावर नेमकी तीच वेळ रिकामी. शरीराला सवय, आणि हाक मारणारं कुणी नाही. मॅडमनी टेबलावर हात आपटला. "ताई, हाच तुमचा दुसरा निबंध. नाव काय देताय याला?" मी म्हटलं, परेडनंतरची पोकळी.

माझी मलाच शाबासकी. घरी आल्यावर यांना सांगितलं तर म्हणाले, "परेड आठला संपती. सव्वानऊला कसली परेड?" म्हटलं, तुम्हाला सिद्धान्तातलं काय कळतंय. त्यांनी मान हलवली. हेडफोन लावले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

राजनंदिनीचा पुण्याहून फोन. आमची लेक, नोकरीला तिथंच असते. "आई, पप्पा बरे आहेत ना?" म्हटलं, त्यांना काय धाड भरलीय? निवांत आहेत. "मला दिवसाला तीस-चाळीस व्हिडिओ पाठवतात गं. मी एखादा बघितला नाही तर विचारतात, बिझी हायस का. फोन केला तर मात्र दोन शब्द बोलून ठेवतात. तू बोलतेस ना त्यांच्याशी?"

म्हटलं, बाई, माझा निबंध परत आलाय, परीक्षकांनी सतरा दुरुस्त्या सांगितल्यात. जानेवारी संपू दे, मग बोलू सगळे. ती म्हणाली, "आई, तू त्याच विषयावर पीएच.डी. करतेस ना?" हल्लीच्या पोरींची जीभ फार चालते. मी चिडून फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं, पण दुरुस्त्या होत्या.

१४ डिसेंबर, शनिवार

निबंध छापून आला. "परेडनंतरची पोकळी: निवृत्त सैनिकांचा मोबाइल वापर." खाली माझं नाव, शेजारी मॅडमचं. कॉलेजात प्राचार्यांनी पेढे वाटले. पूर्वसादरीकरण १८ जानेवारीला ठरलं. ते झालं की प्रबंध जमा, एकतीसच्या आत. आठ वर्षांत पहिल्यांदा वाटतंय की होईल.

यांना अंक दाखवला. कुंडलच्या माणसांचे आभार मी खास मानलेत, ती ओळ वाचून दाखवली. हे म्हणाले, "कशाला छापलंस?" म्हटलं, म्हणजे? "न्हाई. चांगलं हाय." आणि बाथरूममध्ये गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटतं पोट बिघडलंय. जेवणच नीट नाही त्यांचं.

मॅडम म्हणाल्या, नीतिमत्तेच्या अर्जात आपण लिहून दिलंय की ज्यांनी फॉर्म भरले त्यांना निष्कर्ष सांगू. निदान कुंडलला एकदा जाऊन या, फोटो काढा, सादरीकरणात लावू. हे म्हणाले, "नगं जाऊ. थंडी हाय." कुंडलात थंडी! म्हटलं, नवीन वर्ष लागल्यावर जाईन.

५ जानेवारी २०२५, रविवार

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी कुंडलला उतरले. यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं, अडवलं असतं. पेढ्यांचे बॉक्स, एक पानाचा गोषवारा, एक्केचाळीस प्रती. आधी भाऊसोंच्या घरी. हे यांचे शाळेपासूनचे मित्र, हवालदार म्हणून रिटायर झालेले. गोठ्यात होते. मला बघून धावत आले. "आवं वैनी! एकट्याच? शंभू कुठाय?"

मी गोषवारा दिला, म्हटलं तुमच्या फॉर्ममुळं माझी पीएच.डी. होतेय. "कसला फारम?" ऑगस्टमध्ये हे घेऊन आले होते तो. भाऊसो माझ्याकडं बघतच राहिले. "वैनी, शंभू दोन वर्सं कुंडलात पाय ठिवला न्हाई. यात्रंलाबी न्हाई. फोन केला तर उचलत न्हाई. आमी म्हनलं, सायब झाला, वैनींनी बंगल्यात बांदून घातलाय." आणि हसले.

मी चिठ्ठी दाखवली. त्यांचं नाव, त्यांची सही. "ही माजी सही न्हाई ओ. आनि मला येळ जड जातोय म्हनून कुनी सांगितलं? चार म्हशी, सोसायटीची मीटिंग, सांजचं भजन. मला मोबाइल बघाय सवड कुठाय?"

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच काढला. आम्ही दोघं ओट्यावर बसून नावं वाचत गेलो. भाऊसोंनी तिघांना बोलावून घेतलं. कुणीच भरला नव्हता. मग एक चिठ्ठी त्यांनी हातात धरून ठेवली. "नाथाजीचीबी हाय?" हो, का? "वैनी, नाथाजी मार्चमदी गेला. अटॅक आला. शंभूला मी स्वता सहा फोन केले, मेसेज टाकला."

फॉर्मवर तारीख २२ ऑगस्ट. मेलेल्या माणसानं लिहिलंय: घरात करमत नाही, बरेचदा.

पेढे तिथंच राहिले. एसटीत बसल्यावर फॉर्म पुन्हा काढले. शाई वेगळी, अक्षर कुठं तिरपं कुठं उभं, पण सगळीकडं तोच माणूस. ०९१०. मी नऊ दहाला घरातून निघते. दाराची कडी मीच लावते, बाहेरून ओढून.

माझी सगळी विद्या जळून जाऊ दे.

६ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. यांना समोर बसवलं. मला शांतपणे विचारायचं होतं. मुलाखत कशी घ्यायची हे मी दरवर्षी शिकवते. पण तोंड उघडलं आणि ओरडलेच. म्हटलं, आठ वर्षं! माझी आठ वर्षं मातीत घातलीत! पडले असते बत्तीस कमी तर पडले असते. खोटं कशाला केलंत?

हे खाली बघत होते. "खोटं न्हाई लिवलं."

कुंडलला का गेला नाहीत? "स्टँडवर गेलो. गाडीत बसलोबी एकदा. मग उतरलो. कराडात नदीकडंच्या बागंत जाऊन बसायचो. भाऊसो इचारनार, काय करतोस आता? काय सांगू? काय करतो मी?"

तिथं बसून एकट्यानं एक्केचाळीस फॉर्म? "एक भरला तवा बरं वाटलं. कुनीतरी इचारतंय असं वाटलं. मग दुसरा भरला. परत इचारलं."

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण माझा राग अजून संपला नव्हता. म्हटलं, आणि नाथाजींची सही कशाला केलीत? मेलेल्या माणसाच्या नावानं फॉर्म भरलात!

त्यांनी वर बघितलं. "कोन मेलं?"

मला वाटलं होतं त्यांना माहीत आहे. खरंच वाटलं होतं. भाऊसोंनी मेसेज टाकला होता ना. "नाथाजी?" त्यांनी दोनदा विचारलं. "आमी एका दिवशी भरती झालो. एका ट्रंकंत सामान होतं आमचं." मग मोबाइल घेऊन मार्च महिना शोधायला लागले. मेसेज सापडत नव्हता. रोजचे शेकडो व्हिडिओ, त्याखाली कुठं तरी होता. मी मोबाइल हातातून घ्यायला गेले तर त्यांनी लहान मुलासारखा छातीशी धरला आणि रडायला लागले. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्यांच्या आई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

मी पाठीवर हात ठेवला. समुपदेशनाच्या पदविकेचं सर्टिफिकेट समोरच भिंतीवर लावलेलं होतं.

८ जानेवारी, बुधवार

माधवनगर. मॅडमना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. "ताई, मी तुमच्यावर चिडू का तुमच्यासाठी रडू? निबंधावर माझंही नाव आहे हो."

मग दोघी कामाला लागलो, कारण दुसरं काय करणार. एक्केचाळीस काढून टाकले तर उरतात एकशे अडुसष्ट. संख्याशास्त्राच्या सरांनी तासाभरात फोन केला. चांदण्या गेल्या. संबंध उरतच नाही. मी विचारलं, म्हणजे मोबाइलचा आणि करमण्याचा काही संबंध नाही? "तुमच्या आकड्यांत तरी दिसत नाही," म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, काही निघालं नाही हाही निष्कर्ष असतो, त्यावर प्रबंध होतो. पण तीन प्रकरणं नव्यानं लिहायची, पुन्हा समितीपुढं जायचं, निबंध मागे घेतल्याचं कळवायचं. तेवीस दिवसांत नाही होणार. मुदतवाढीचा अर्ज करू, पण वाढीवचीही वाढ कुणाला मिळाल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, अर्ज नको. त्या म्हणाल्या, "तरी करू."

निबंध मागे घेण्याचं पत्र त्यांच्याच कॉम्प्युटरवर लिहिलं. कारण काय लिहायचं यावर अडलो. शेवटी लिहिलं: माहिती संकलनात गंभीर त्रुटी.

निघताना मॅडमनी कराडच्या एका मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर दिला. मीही ओळखते त्यांना. दरवर्षी विद्यार्थ्यांसमोर त्यांचं व्याख्यान ठेवते, मोबाइल आणि मन या विषयावर.

१२ जानेवारी, रविवार

काल डॉक्टरांकडं जायचं होतं. हे तयार होऊन बसले, दाढीसुद्धा केली, आणि गेटपाशी जाऊन परत फिरले. "फुडल्या शनवारी जाऊ." मी ओढून नेऊ शकत नाही. राजनंदिनी येणार आहे गुरुवारी. तिला फोनवर सांगताना मला वाक्य पुरं करता येईना, तीच म्हणाली, आई, राहू दे, येते मी.

भाऊसोंचा दोनदा फोन आला. यांनी वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला, "हां, भाऊसो," एवढं म्हणाले आणि नुसते ऐकत उभे राहिले.

दुपारी मी फाइल उघडली. समितीला दुरुस्त तक्ता पाठवायचा होता. हे मागं येऊन उभे राहिले. "काय करतीस?" म्हटलं, कुंडलच्या ओळी काढतेय. "सगळ्या येकदम?" म्हटलं, नाही, नंबर पडताळून एकेक. त्यांनी खुर्ची ओढली. "मी नंबर वाचतो. तू काढ."

असं आम्ही दोघं शेजारी कधी बसलो होतो ते मला आठवेना. त्यांनी चष्मा लावला आणि चिठ्ठ्यांवरून नंबर वाचायला लागले, स्पष्ट, फौजी आवाजात. एकशे एकोणसत्तर. काढला. एकशे सत्तर. काढला. नाथाजींच्या चिठ्ठीपाशी थांबले, अंगठ्यानं नाव पुसल्यासारखं केलं, आणि नंबर वाचला. मी काढला.

शेवटची चिठ्ठी त्यांनी वाचली नाही. हातातच ठेवली.

"ह्यो ऱ्हाऊ दे," म्हणाले. "चाळीस जन मी मनानं उभी केली. पर एक तर खरा हाय. एक ठिव."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. स्क्रीनकडं बघत म्हटलं, नाही हो चालत. संशोधकाच्या घरातलं माणूस.

"व्हय. सांगितलं व्हतंस." त्यांनी चिठ्ठी गठ्ठ्यावर ठेवली. "मग मला कुनी इचारायचं?"

या प्रश्नाला चार पर्याय नव्हते. त्यांनी माझ्या पुढून हात लांब केला, ओळ बरोबर आहे का ते एकदा बघितलं, आणि स्वतःच बटण दाबलं.